मांडवातला कंट्रोलर आणि ब्राँक्सचा फ्लॅश

निकाल आधीच सांगून टाकतो, कारण वाचणाऱ्यांतले निम्मे माझ्याच धंद्यातले असणार आणि त्यांना तिथी लागायच्या आत मशीन घ्यायचं असणार. दोन चॅनलचा, लॅपटॉपच्या यूएसबीवर चालणारा, तीस हजारांच्या आतला डीजे कंट्रोलर, म्हणजे लॅपटॉपमधली दोन गाणी हातानं जुळवून वाजवायचं मशीन, लग्नाच्या कामाला चालतो. हळदीला पुरून उरतो, वरातीला कसाबसा पुरतो, मोठ्या मैदानावर मात्र हात टेकतो. पाचपैकी साडेतीन तारे. दीड तारा कुठं कापला ते ओघात येईलच.

कंपनीचं नाव लिहीत नाही. या किमतीत सगळ्यांची मशीनं उन्नीस-बीस असतात, आणि नाव लिहिलं की लोक आधी कमिशन किती मिळालं ते विचारतात. मी घेतलं ते सेकंड हँड, नाशिकच्या एका पोराकडून, २२ हजारांत, बॉक्स-केबलसकट. नवीन घ्यायची ऐपत नव्हती असं नाही, पण एप्रिल-मेच्या आपल्या धुळीत कोरी वस्तू काढायची म्हणजे जीव तुटतो.

माझं काम अमळनेरला. वडील लाऊडस्पीकरवाले. दोन भोंगे, एक ॲम्प्लिफायर आणि रेकॉर्डची पत्र्याची पेटी एवढ्या भांडवलावर त्यांनी आमची घरं उभी केली. मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स करून धंद्यात टॉप-बेसचे मोठे स्पीकर आणले. पारोळा, एरंडोल, धरणगाव, तापी ओलांडून चोपडा-शिरपूर, एवढा टापू. गिऱ्हाईक बुकिंगला आलं की विचारतं, बेस किती, शार्पी (झोताचे दिवे) किती. कंट्रोलरबद्दल कुणी विचारत नाही. धंद्यात नवीन आलेली पोरं विचारतात, पण काय? तर पॅडचे लाईट रंगीत आहेत का. व्हिडिओत छान दिसतात म्हणे.

मी मशीन घेताना तीन गोष्टी बघतो. पुढचं गाणं कानात नीट ऐकू येतं का. गाण्यातली हवी ती जागा एका बोटात सापडते का. आणि गाणं हातानं मागंपुढं केलं तर ते हाताचं ऐकतं का. बाकी सगळा शृंगार. हे माप मी ग्रँडमास्टर फ्लॅश या न्यूयॉर्कच्या जुन्या डीजेकडून उचललंय. आपल्या मांडवात वाजणारं कुठलंही गाणं त्याचं नाही, पण ते वाजवताना हात जे करतात त्यातलं निम्मं त्याचं आहे.

थोडं मागं जावं लागेल. न्यूयॉर्कचा ब्राँक्स भाग, ११ ऑगस्ट १९७३, सेजविक अव्हेन्यूवरच्या १५२० नंबरच्या बिल्डिंगचा हॉल. शाळा सुरू व्हायच्या आधी सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीनं पार्टी ठेवली आणि रेकॉर्ड लावायला तिचा भाऊ क्लाइव्ह. मूळचा जमैकाचा, लोक त्याला कूल हर्क म्हणत. हर्कच्या लक्षात आलं होतं की नाचणारे गाण्यातल्या एका तुकड्याची वाट बघत असतात. गायक थांबतो, बाकीची वाद्यं थांबतात, नुसता ड्रम उरतो, तो तुकडा. त्याला ब्रेक म्हणतात. आपल्याकडं गाणं थांबून नुसती ढोलकी आणि बँजो सुटतो ना, आणि खुर्चीवर बसलेले नवरदेवाचे मामासुद्धा उठतात, तेच ते. हर्क एका ब्रेकवरून दुसऱ्या ब्रेकवर उडी मारायचा, त्याच रेकॉर्डची दुसरी कॉपी लावून तोच तुकडा परत परत वाजवायचा. हिप-हॉपचा जन्म म्हणून लोक हीच तारीख धरतात.

पण उडी मारताना ताल सांडायचा. सुई अंदाजानं टेकवायची, कधी अर्धी मात्रा पुढं, कधी मागं. नाचणाऱ्याचा पाय हवेतच राहायचा. हे एका पोराला खुपलं. जोसेफ सॅडलर, जन्म १ जानेवारी १९५८, बार्बाडोसमधल्या ब्रिजटाउनचा, वाढला ब्राँक्समध्ये. सॅम्युअल गॉम्पर्स नावाच्या व्होकेशनल हायस्कूलमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकत होता, म्हणजे आपल्या भाषेत आयटीआयवाला. बापाच्या रेकॉर्डना हात लावला म्हणून लहानपणी मार खाल्लेला. (आमच्या घरीही त्या पत्र्याच्या पेटीला हात लावायची सोय नव्हती, पण मार नाही, नुसते डोळे वटारले की पुरायचं.) तोच पुढं ग्रँडमास्टर फ्लॅश.

त्याची पहिली अडचण अगदी साधी. एक रेकॉर्ड लोकांना ऐकू जातंय, दुसरं मला एकट्याला कसं ऐकू येणार? मोठ्या क्लबांत हेडफोनवर आधी ऐकायची सोय असलेले मिक्सर होते, पण त्यांच्या किमती ब्राँक्सच्या पोरांना झेपणाऱ्या नव्हत्या. मग यानं आपल्या छोट्या मिक्सरला बाहेरून एक छोटा ॲम्प आणि एक सिंगल पोल डबल थ्रो स्विच जोडला. खटका इकडं केला की डावं रेकॉर्ड हेडफोनात, तिकडं केला की उजवं. या जुगाडाला त्यानं नाव दिलं पीक-अ-बू. इलेक्ट्रिकवाल्यांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो: जिन्याचा दिवा वरून आणि खालून लावायला जो टू-वे स्विच बसवतात, आतून तो हाच. वस्तू किरकोळ. पण त्या दिवसापासून लोकांना ऐकू येतं त्याच्या एक पाऊल पुढचं त्याला ऐकू यायला लागलं.

माझ्या कंट्रोलरवर त्याची दोन बटणं आहेत, प्रत्येक चॅनलखाली एक, वर हेडफोनचं चित्र. दाबली की नारिंगी होतात. बटणं चोख, दाबल्याचा अंदाज बोटाला बरोबर येतो, अंधारात चुकत नाहीत. मार्क कापला तो हेडफोनच्या आवाजात. खोलीत बसून वाजवलं तर कान फुटतील इतका आवाज, पण मागं चार बेस ठोकायला लागले की हेडफोन मुका होतो. आवाज पूर्ण उघडून, एक कान हातानं दाबून धरला तरी गायकाचा आवाज तेवढा कळतो, ठेका कळत नाही, आणि मला हवा असतो ठेकाच. यूएसबीवरची वीज ती किती! अर्धा तारा गेला तो इथं. उपाय म्हणून कमी ओहमचा, कान पूर्ण झाकणारा हेडफोन घ्या. मी घेतला, बराच फरक पडला. मोबाईलबरोबर आलेले इअरफोन लावून हळद वाजवायला उभी राहणारी पोरं बघितली की मला हात जोडावेसे वाटतात.

दुसरी अडचण जागेची. काळ्या रेकॉर्डवर ब्रेक कुठं सुरू होतो ते डोळ्यांना दिसत नाही. फ्लॅशनं लेबलवर खडूपेन्सिलीनं रेघ मारली. रेकॉर्ड म्हणजे घड्याळ समजायचं, रेघ अमुक आकड्यावर आली की ब्रेकचा पहिला ठोका. तुकडा वाजून संपला की रेकॉर्ड हातानं तेवढेच फेरे उलटं फिरवायचं आणि रेघ जागेवर आणायची. एका रेकॉर्डवर वाजतंय तोवर दुसरं तयार. दोन्हीकडं तेच रेकॉर्ड असेल तर दहा सेकंदांचा तुकडा हवा तेवढा वेळ वाजत राहतो आणि सांधा कुणाला कळत नाही. आज कंट्रोलरवर प्रत्येक बाजूला आठ रबरी पॅड असतात, गाण्यात आठ जागी खुणा करून ठेवा, पॅड दाबला की गाणं तिथं हजर. त्याला हॉट क्यू म्हणतात. रंग बदललेत, रेघ तीच.

लग्नात याचा सगळ्यात मोठा उपयोग नाचण्यात होतच नाही. तो होतो मंगलाष्टकांना. शेवटचं कडवं, भटजी आवाज चढवतात, "शुभमंगल सावधान", अक्षता पडल्या की त्याच क्षणी सनई-ताशा सुटला पाहिजे. एक सेकंद उशीर झाला तर मांडवात जी शांतता पसरते ती साउंडवाल्याच्या पोटात गोळा आणते, आणि बयाणा देणारे जिभाऊ सगळ्यांच्या डोक्यावरून आपल्याकडं बघतात. वडिलांच्या काळात सुई रेकॉर्डच्या वर बोटभर अधांतरी धरून ते भटजींच्या तोंडाकडं बघत बसायचे. सुई टेकली की आधी खरखर, मग सनई. मी सनईच्या फायलीत पहिल्या स्वरावर हॉट क्यू टाकून ठेवलाय, अलीकडची रिकामी जागा नाही, खरखर नाही. "धान" म्हणायच्या आत बोट पॅडवर. या मशीनचे पॅड त्या बाबतीत शंभर टक्के भरवशाचे निघाले, संबंध सीझनमध्ये एकदाही दगा नाही. मंगलाष्टकं चालू असताना लॅपटॉपची स्क्रीन झोपणार नाही एवढं मात्र आधी सेटिंगमध्ये बघून घ्या, तिथं कंट्रोलर काही करू शकत नाही.

तिसरी अडचण हाताची. रेकॉर्ड हातानं अडवायचं, मागं ओढायचं, सोडायचं, आणि खालची तबकडी मात्र फिरत राहिली पाहिजे. प्लेयरबरोबर यायची ती रबरी चटई रेकॉर्डला घट्ट धरून ठेवायची. फ्लॅशची आई शिवणकाम करायची. पोरानं कापडाच्या दुकानातून फेल्ट आणलं, रेकॉर्डच्या आकाराचं गोल कापलं, खळ देऊन इस्त्रीनं कडक केलं. वरचं रेकॉर्ड थांबलं तरी खालची तबकडी फिरत राहिली. आज जगभर स्लिपमॅट म्हणून विकतात ती हीच वस्तू. तबकडी फिरवणारी मोटरही दमदार पाहिजे. पट्ट्यावर चालणाऱ्या प्लेयरमध्ये हातानं अडवलं की पट्टा घसरतो आणि सोडल्यावर वेग पकडायला वेळ जातो. जपानच्या मात्सुशितानं १९७२ साली टेक्निक्स एसएल-१२०० काढला त्यात मोटर थेट तबकडीखाली. घरी निवांत गाणी ऐकणाऱ्या शौकिनांसाठी काढलेलं ते मशीन, १९७९ च्या एमके-२ मॉडेलनंतर डीजे लोकांनी जे उचललं ते आजतागायत खाली ठेवलेलं नाही.

आमच्या मशीनवर तबकडी नाही. दोन प्लास्टिकची जॉग व्हील आहेत, बशीएवढी. वरचा भाग बोटाचा स्पर्श ओळखतो आणि गाणं थांबवतो, कडेनं ढकललं तर गाणं किंचित पुढं-मागं सरकतं. आकारानं लहान, आणि मे महिन्यात घामाचा हात लागला की वरचा भाग कधी कधी बुचकळ्यात पडतो. तरी या किमतीत जॉग चांगलाच म्हणेन. स्क्रॅचिंग, म्हणजे रेकॉर्ड मागंपुढं घासून आवाज काढणं, करणाऱ्यांनी मोठ्या जॉगचं बघावं. स्क्रॅच फ्लॅशचा शोध नव्हे, हे जाता जाता. तो ग्रँड विझार्ड थिओडोरचा, फ्लॅशच्याच साथीदाराचा धाकटा भाऊ, पोरवयात फ्लॅशच्या हाताखाली तयार झालेला. आपल्याकडं स्क्रॅच केलं तर लोक म्हणतात सीडी अडकली. त्यामुळं तो विषय मी सोडून दिलाय.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो ती. प्रत्येक कंट्रोलरवर सिंक नावाचं बटण असतं. दाबलं की दोन्ही गाण्यांचा वेग आणि ठोके आपोआप जुळतात. स्टुडिओत कॉम्प्युटरवर बनलेल्या हिंदी-पंजाबी गाण्यांना ते बरोबर चालतं, कारण त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत वेग एकच असतो. आपली अहिराणी गाणी घ्या. नवीन गाणी कॉम्प्युटरवरची, ती जुळतात. पण ज्यांच्यावर बायाबापड्या खरोखर नाचतात ती जुनी, ढोलकी आणि बँजो प्रत्यक्ष बसून वाजवलेली. वाजवणारा रंगात आला की वेग वाढतो. सुरुवात मिनिटाला ११८ ठोक्यांवर, शेवट १२४ वर. वर अर्ध्या गाण्यांचा ठेका सहा मात्रांचा. लॅपटॉप चारच्या हिशोबानं मोजतो आणि भलताच आकडा दाखवतो. लोकांचे पाय १३८ ला पडत असतात, स्क्रीनवर ९२ लिहिलेलं. अशा वेळी सिंक दाबलं तर दोन्ही गाणी एकमेकांच्या पायात पाय घालून पडतात. नंदुरबारकडच्या टिमलीची, म्हणजे आदिवासी नाचाच्या संगीताचीही तीच गत. त्या भागातला एक ऑपरेटर मित्र सिंकच्या बटणावर काळी टेप लावून ठेवतो, चुकून हात जायला नको म्हणून.

मग उरतो फ्लॅशचाच रस्ता. एक कान मांडवाला, एक कान हेडफोनला, हात जॉगच्या कडेला.

चोपड्याजवळच्या एका गावात हळद होती. नवरीच्या आजीला गायचं होतं. आखाजीचं (अक्षय तृतीयेचं) झोक्यावरचं गाणं, बायका पिढ्यानपिढ्या म्हणतात त्यातलं. बरोबरीच्या चार-पाच बाया झील धरायला. मी माईक दिला आणि विचारलं, आजी, खाली नुसता ठेका धरू का? आजी म्हणाली, "धर, पन मना पुढे पळू नको." दुसऱ्या डेकवर, म्हणजे कंट्रोलरच्या दुसऱ्या बाजूला, माझ्याकडं एक बिनगाण्याचा ढोलकीचा तुकडा आहे, आठ मात्रांचा. त्याला लूप मारला, म्हणजे परत परत वाजता ठेवला, आणि हळूच वर आणला. आजीचा श्वास संपला की ओळ लांबायची, झील धरणाऱ्या घाईत यायच्या, पुन्हा आजी त्यांना मागं ओढायची. मी बोटाच्या टोकानं जॉगची कड धरून ढोलकीला थोडं अडवत, थोडं सोडत राहिलो. एका ओळीवर आजी चांगली दोन मात्रा थांबली, तिथं क्रॉसफेडर, म्हणजे एका डेकवरून दुसऱ्यावर नेणारी सरकपट्टी, ओढून ढोलकीच काढून घेतली आणि ती परत सुरू झाली तसा पहिल्या ठोक्याचा पॅड दाबला. अंगणातल्या बायका फुगडीला उठल्या. गाणं संपल्यावर मी टाळीचा आवाज टाकणार तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "काबर बंद करं रे भो? वाजाड ना!" आजीच्या नातवानं दुसऱ्या दिवशी फोन करून तो ढोलकीचा तुकडा मागितला. दिला.

सेटिंगमध्ये जॉगची संवेदना कमी-जास्त करता येते, ती अशा कामाला कमी ठेवा. या मशीनला साडेतीन तारे मिळाले त्यातले दोन त्या रात्रीचे समजा.

क्रॉसफेडरबद्दल मात्र चांगलं बोलवत नाही. दिसायला गुळगुळीत, पण आतली पट्टी उघडी. धूळ जाते, कार्बन घासला जातो आणि मग मधल्या जागेवर खरखर सुरू होते. मी सेकंड हँड घेतलं तेव्हा खरखर नव्हती, अक्षय तृतीयेच्या दाट तिथींनंतर आली. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून, फेडर पंधरा-वीस वेळा इकडं-तिकडं केला की काम चालतं, पण पुन्हा येते. डब्ल्यूडी-फोर्टी मारू नका, तेलकट थर राहतो आणि धूळ आणखी चिकटते. सुटा फेडर मिळतो, बदलायला चार स्क्रू आणि एक कनेक्टर, ज्याच्या हातात सोल्डरिंग गन कधी आली असेल त्याला जमेल. अर्धा तारा इथं गेला.

उरलेला अर्धा मागच्या बाजूला. बाहेर जाणारा आवाज फक्त लाल-पांढऱ्या आरसीए पिनांवर. घरात ठीक. मांडवात मिक्सर-ॲम्प पंचवीस-तीस फुटांवर असतात, जनरेटर शेजारी घरघरतोय, लाईटवाल्यांच्या वायरी आपल्याच वायरींवरून गेलेल्या. आरसीएची लांब केबल त्या सगळ्याचा गुंगाट गोळा करून स्पीकरात आणते. लॅपटॉप चार्जरला लावला की त्यात भर. लांब केबलवरही गुंगाट न धरणारं, तीन पिनांचं बॅलन्स्ड एक्सएलआर आउटपुट पाहिजे होतं, पण ते देणारी मशीनं वरच्या किमतीत सुरू होतात. म्हणून दोन चॅनलचा डीआय बॉक्स, म्हणजे आरसीएचा आवाज एक्सएलआरवर देणारी डबी, घ्या, आरसीएची केबल हातभरच ठेवा, पुढं एक्सएलआर पळवा, आणि शक्य असेल तर कंट्रोलर-लॅपटॉप-ॲम्प एकाच अर्थिंगवर घ्या. गुंगाट गेला नाही तर पैसे परत, असं मी माझ्या पोरांना सांगतो. ब्राँक्सची पोरं पार्कातल्या दिव्याच्या खांबातून वायर काढून साउंड चालवायची. आपल्याकडं त्याला आकडा म्हणतात. तेवढी एक गोष्ट त्यांच्याकडून घेऊ नका. जनसेट ठेवा.

नवीन मॉडेलांत आणखी एक सोय आलीय, तिच्याबद्दल पोरं फार विचारतात. एक फेडर सरकवला की मशीन स्वतःच वेग जुळवतं, एकाचा बेस उतरवतं, दुसऱ्याचा चढवतं, आवाज वरखाली करतं. फ्लॅशनं खोलीत कोंडून घेऊन जे हातांना शिकवलं ते एका पट्टीत. मी ते वापरलं. जेवणाच्या पंगतीला, मागं हळू गाणी चालू असताना, एकदम झकास. मी वरण-बट्टी खाऊन येईपर्यंत पुतण्यानं नुसता फेडर सरकवत वेळ मारून नेली, कुणाला कळलंही नाही. पण तोच पुतण्या वरातीच्या वेळी उभा राहिला आणि सहा मात्रांचं गाणं आलं तसा माझ्याकडं बघायला लागला. शिकायला बसलेल्या पोरांना माझं सांगणं आहे की ही सोय निदान पहिला सीझन बंद ठेवा. सिंकही बंद ठेवा. दोन गाणी घ्या, एकाच वेगाची, आणि नुसत्या कानानं जुळवा. कंटाळा येईल. येऊ द्या.

फ्लॅशची गाणी ऐकायची असतील तर १९८१ चं ते ‘व्हील्स ऑफ स्टील’वालं रेकॉर्ड ऐका. सुमारे सात मिनिटं, तीन टर्नटेबल, दुसऱ्यांच्या रेकॉर्डचे तुकडे एकाला एक जोडत गेलेला हात. शिक, क्वीन, ब्लाँडी, सगळे बँड येऊन जातात. त्याआधी डीजेचं काम पार्टी संपली की विरून जायचं. तेच वाद्य असल्यासारखं रेकॉर्डवर आलं ते इथं. हेडफोन लावून ऐकलं की मला तरी हातच दिसतात.

त्याचं नाव ज्या गाण्यामुळं घराघरांत गेलं ते ‘द मेसेज’, १९८२ चं. गंमत अशी की त्यात फ्लॅशचा हात जवळपास नाहीच. शब्द आणि आवाज मेली मेल आणि ड्यूक बूटी यांचे, कंपनी शुगर हिल. लेबलवर मात्र ‘ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह’, म्हणजे फ्लॅश आणि त्याच्याबरोबरचे पाच रॅपर असा ग्रुप. गरीब वस्तीचं जगणं रॅपमध्ये इतकं उघडंनागडं त्याआधी फारसं आलं नव्हतं, म्हणून ते गाणं मोठं. पण मला त्या लेबलाचीच मौज वाटते. गाणाऱ्यांच्या आधी डीजेचं नाव! ते वळण आपल्याकडं थेट पोचलंय. कुठलंही अहिराणी रिमिक्स उघडा, पहिल्या दहा सेकंदांत एक बाई घुमणाऱ्या आवाजात डीजेचं नाव सांगते, मग मध्येच पुन्हा सांगते, शेवटी पुन्हा. ज्या बाईनं मूळ गाणं म्हटलं, ज्यानं बँजो वाजवला, त्यांची नावं कुठंच नाहीत. फ्लॅशनं निदान रेकॉर्ड उलटंसुलटं करून स्वतःचं काहीतरी उभं केलं. नुसता बेस चढवून त्यावर आपलं नाव चिकटवणाऱ्यांना काय म्हणावं? माझ्या पेनड्राइव्हमध्ये तसली गाणी आहेत, नाही कशाला म्हणू, गिऱ्हाईक मागतं. पण फाइलला नाव देताना मी गाणाऱ्याचं नाव शोधून आधी टाकतो. सापडतं तेव्हा.

२००७ मध्ये त्या ग्रुपला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, हिप-हॉपमधला तिथला पहिला ग्रुप. २०१९ मध्ये स्वीडनचं पोलर संगीत पारितोषिक फ्लॅशला मिळालं.

तर घ्यायचं कुणी? हळद, साखरपुडा, वाढदिवस, शाळेचं गॅदरिंग, श्रावणात कानबाईचं विसर्जन, असं ज्याचं काम आहे त्यानं खुशाल घ्यावं. ज्याची गाडीवरची मोठी सेटिंग आहे त्यानं पैसे साठवून चार चॅनलचं, एक्सएलआर आउटपुटचं घ्यावं. माईक महत्त्वाचा असेल तर तो या कंट्रोलरमध्ये घालूच नका. एकच इनपुट, टोन नाही, आजीचा आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. त्या रात्रीही माईक मी वेगळ्या मिक्सरवर घेतला होता. आणि लॅपटॉपवर भरवसा नसेल तर खिशात गाणी भरलेला मोबाईल आणि एक ऑक्स केबल ठेवा. लॅपटॉपला अपडेट घ्यायची हुक्की नेमकी नवरदेव घोड्यावर बसला की येते.

सेकंड हँड घेताना विकणाऱ्याच्या घरी हेडफोन घेऊन जा. क्रॉसफेडर मधोमध ठेवून हळू हलवा, खरखर ऐका. सोळाच्या सोळा पॅड दाबून बघा, कडेचे आधी मरतात. यूएसबीच्या भोकात केबल लावून जरा हलवा, लॅपटॉपवरून कनेक्शन गेलं तर सौदा तिथंच सोडा, कारण ते भोक बोर्डावर सोल्डर केलेलं असतं आणि चालत्या वरातीत पहिलं तेच दगा देतं. टेम्पोचा, म्हणजे गाण्याच्या वेगाचा, स्लाइडर मध्यावर आणून आकडा शून्यावर येतो का बघा. एवढं सगळं ठीक असेल तर २२ हजार जास्त नाहीत. वीसला मागून बघा, माझ्यावेळी नाशिकचं पोरगं हललं नाही.